हक्क की सानुग्रह? अमेरिकेतील कॉलेज-प्रवेशाचा वाद



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. त्यांच्या पंक्तीत बसण्याची आमची योग्यता नाही, हे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते लेथ मशीनपुढे, युनियनच्या कचेरीत आणि गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. चिटणीसांनी आम्हांला बोलावले ते किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार यांविषयी काही ऐकायला मिळेल या अपेक्षेने. आम्ही विषय सांगितला अमेरिकेतील कॉलेजांच्या प्रवेशाचा. चिटणीस म्हणाले, "भाऊ, हा विषय तुमचा कसा?" आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचेच उत्तर आहे.

हकीकत अशी. २०२३ च्या जुलै महिन्यात आम्ही वाचनालयात बसलो होतो. शेजारी नेहमी बसणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांची कन्या न्यू जर्सीला असते. त्यांनी वर्तमानपत्र आमच्यापुढे सरकवले आणि म्हणाले, "वाचलेत का? अमेरिकेने आरक्षण काढून टाकले. शेवटी गुणवत्तेला न्याय मिळाला. आता आमच्या नातवाचा मार्ग मोकळा." आम्ही काही बोललो नाही, कारण आम्हांला त्यातले काही ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीवर भांडू नये, ही सवय आम्हांला वाटाघाटींच्या टेबलाने लावली आहे. पण शब्द मनात राहिला. आमच्या युनियनचे खटले चालवणाऱ्या वकिलांकडून आम्ही त्या निकालाची प्रत मिळवली. दोनशेहून अधिक पाने! शब्दकोश शेजारी घेऊन कित्येक रविवार ती वाचली. वाचताना एक धागा आमच्या हाती लागला, तो आपल्यापुढे ठेवतो. ते गृहस्थ आज समोर बसलेले आहेत, आणि त्यांच्या परवानगीनेच आम्ही हे सांगत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे आहे तसे ठराविक जागांचे आरक्षण अमेरिकेत २०२३ साली नव्हतेच. ते तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच बेकायदा ठरवले होते. राहिले होते ते एवढेच की, प्रवेश देताना अर्जदाराच्या इतर अनेक गोष्टींबरोबर त्याचा वंशही विचारात घेता येई. या साऱ्या धोरणाला तिकडे 'अफर्मेटिव्ह ॲक्शन' म्हणतात. आता हा शब्द आला कोठून? इथेच आमच्यासारख्या युनियनवाल्याचे कान टवकारले.

१९३५ साली अमेरिकेत राष्ट्रीय कामगारसंबंध कायदा झाला. सेनेटर वॅग्नर यांच्या नावाने तो ओळखला जातो. युनियनमध्ये गेला म्हणून मालकाने एखाद्या कामगाराला काढले, तर करायचे काय? मालकाला ते गैरकृत्य थांबवायला सांगावे, आणि शिवाय 'अफर्मेटिव्ह ॲक्शन' घ्यायला लावावी, म्हणजे त्या कामगाराला परत कामावर घ्यायला लावावे, जरूर तर बुडालेल्या पगारासह, असा अधिकार त्या कायद्याने कामगारमंडळाला दिला. श्रोतेहो, ज्याने कधी लेबर कोर्टाची पायरी चढली आहे, त्याला यातले मर्म सांगावे लागणार नाही. मालक हुशार असतो. तो कोर्टात उभा राहून म्हणतो, "साहेब, उद्यापासून मी कोणालाही युनियनच्या कारणावरून काढणार नाही." छान! पण ज्याला काल काढले तो गेटाबाहेरच उभा आहे. त्याची बायको धुणीभांडी करते आहे, मुलाचे नाव शाळेतून निघाले आहे. उद्यापासून अन्याय न करण्याची शपथ घेतल्याने कालचा अन्याय मिटत नाही. तो मिटवायला काहीतरी करावे लागते. ते करणे म्हणजे अफर्मेटिव्ह ॲक्शन. आम्ही त्याला साध्या मराठीत 'भरपाईची कृती' म्हणू.

गोऱ्या कामगाराच्या बाबतीत मान्य झालेले हे तत्त्व काळ्या कामगाराच्या बाबतीत मान्य व्हायला मात्र बराच अवकाश लागला. रेल्वेच्या शयनडब्यांत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय हमालांची आणि सेवकांची युनियन ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ साली बांधली. पुलमन कंपनीकडून पहिला करार मिळवायला त्यांना १९३७ साल उजाडले. याच रँडॉल्फनी १९४१ साली वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांनी युद्धसामग्रीच्या कारखान्यांत वर्णावरून भेदभाव करू नये, असा हुकूम काढला. पुढे १९६१ च्या मार्चमध्ये अध्यक्ष केनेडी यांनी सरकारी कंत्राटदारांना हुकूम केला की, भेद करू नका, आणि भेद होणार नाही यासाठी अफर्मेटिव्ह ॲक्शन घ्या. म्हणजे हा शब्द कारखान्यात जन्मला, कारखान्यात वाढला, आणि कॉलेजात तो नंतर गेला.

गुणवत्तेचा प्रश्नही तसाच आधी कारखान्यात उभा राहिला. नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक पॉवर कंपनीचे एक वीजकेंद्र होते. ९५ कामगार, त्यांत १४ कृष्णवर्णीय. या चौदांना फक्त मजूर खात्यात काम मिळे, आणि त्या खात्यातल्या सर्वांत वरच्या माणसाचा पगार इतर खात्यांतल्या सर्वांत खालच्या माणसाहून कमी असे. नागरी हक्कांच्या कायद्याचे नोकरीविषयक कलम २ जुलै १९६५ रोजी अमलात आले. ज्या दिवशी आले, त्याच दिवशी कंपनीने नवा नियम काढला: चांगल्या खात्यात नव्याने जायचे तर मॅट्रिकसारखे प्रमाणपत्र हवे, आणि शिवाय बुद्धिमापनाच्या परीक्षा उत्तीर्ण व्हायला हव्यात. त्या खात्यांत पूर्वी लागलेले अनेक गोरे कामगार ते प्रमाणपत्र नसतानाही वर्षानुवर्षे उत्तम काम करीत होते. त्यांना कोणी परीक्षेला बसवले नाही. तेरा कृष्णवर्णीय कामगार कोर्टात गेले. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, जी परीक्षा त्या कामाला लागणारी पात्रता मोजत नाही आणि एका वर्णाच्या लोकांना बाहेर ठेवते, ती वरकरणी सर्वांना सारखी असली तरी चालणार नाही.

परीक्षाच नको, असे या निकालात म्हटलेले नाही, आणि आमचेही तसे म्हणणे नाही. ज्याला मायक्रोमीटर वाचता येत नाही त्याला आम्ही लेथवर उभा करणार नाही; तो स्वतःचे बोट घालवील आणि दुसऱ्याचेही. पण मायक्रोमीटर वाचता येतो की नाही हे पाहायचे असेल तर मायक्रोमीटर हातात द्यावा. बाप कोण, आडनाव काय, इंग्रजी उच्चार कसा, हे विचारू नये. गुणवत्ता मोजणाऱ्या प्रत्येक फुटपट्टीला आम्ही हाच प्रश्न विचारतो: ही पट्टी मोजते काय, आणि ती आखली कोणी?

हाच प्रश्न हार्वर्ड विद्यापीठाला विचारून पाहा. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत तिथे प्रवेश मुख्यतः परीक्षेवर मिळे. त्या परीक्षेत पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू निर्वासितांची मुले भराभर उत्तीर्ण होऊ लागली; १९२२ च्या सुमारास पहिल्या वर्षाच्या वर्गात दर पाचांत एक विद्यार्थी ज्यू होता. अध्यक्ष लॉवेल यांना हे खपेना. त्यांनी ज्यूंचे प्रमाण मर्यादित करण्याचा घाट घातला. प्राध्यापकांनी उघड कोट्याला विरोध केला, तेव्हा दुसरा मार्ग निघाला. अर्जात नवे प्रश्न आले: आईचे माहेरचे नाव काय, वडिलांचा जन्म कोठला, आणि तुमच्या किंवा वडिलांच्या नावात जन्मापासून काही बदल केला आहे काय? आपल्याकडे कोणी नुसते नाव सांगितले की "पूर्ण नाव काय म्हणालात?" असे विचारणारे असतात ना, त्यातलाच हा प्रकार. पुढे १९२६ मध्ये ठरले की केवळ परीक्षेचे गुण पुरे नाहीत, 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व'ही पाहावे. ज्यू मुलांचे प्रमाण त्यानंतर खाली आले. म्हणजे परीक्षेच्या पट्टीवर नको तो माणूस उंच भरू लागला, तेव्हा तिथल्या भल्या लोकांनी पट्टीच बदलली. हे लक्षात ठेवा. आपल्याला पुन्हा हार्वर्डला यायचे आहे.

आता १९७८ च्या निकालाकडे वळू. कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे १९६८ साली सरकारी वैद्यकीय कॉलेज निघाले. पहिल्या वर्गात ५० विद्यार्थी. त्यांत एकही कृष्णवर्णीय नाही, एकही मेक्सिकन वंशाचा नाही. तेव्हा कॉलेजाने पुढे १०० पैकी १६ जागा मागे राहिलेल्या गटांसाठी राखून ठेवल्या. ॲलन बाकी नावाच्या गोऱ्या इंजिनिअरला दोनदा प्रवेश नाकारला गेला, म्हणून तो कोर्टात गेला. नऊ न्यायाधीशांत चार एका बाजूस, चार दुसऱ्या बाजूस. निर्णय एकट्या न्यायमूर्ती पॉवेल यांच्या मतावर आला. त्यांनी सांगितले की जागा राखून ठेवणे चालणार नाही. समाजाने केलेल्या अन्यायाची भरपाई हे कारणही चालणार नाही. मात्र निरनिराळ्या प्रकारचे विद्यार्थी एकत्र शिकले तर सर्वांचे शिक्षण समृद्ध होते, म्हणून 'विविधता' हे कारण चालेल. आणि अशी विविधता कशी साधावी याचा नमुना म्हणून त्यांनी बोट दाखवले ते हार्वर्डकडे!

त्याच खटल्यात न्यायमूर्ती थरगूड मार्शल यांनी वेगळे मत लिहिले. ते त्या न्यायालयावर बसलेले पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश आणि गुलामांचे वंशज. गुलामगिरीपासूनचा सारा इतिहास त्यांनी मांडला, आणि विचारले की, शतकानुशतके ज्या राज्यघटनेने वर्णभेद अडवला नाही, तीच आता त्याची भरपाई करताना आडवी कशी येते? पण मार्शल यांचे मत निकाल ठरले नाही.

बंधूंनो, आम्हांला या साऱ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटली ती हीच घटना. जागा सोळा की अठरा, हा मुद्दा लहान. मोठा मुद्दा असा की, त्या दिवशी मागणीचे कारणच बदलले. काल ती भरपाई होती. आज ती शोभा झाली. काल कृष्णवर्णीय मुलगा म्हणत होता, "माझे देणे आहे ते द्या." आज त्याला सांगितले गेले, "ये, तू वर्गात असलास की आमच्या मुलांचे शिक्षण बरे होते."

आपल्याला घरचे उदाहरण देतो. दिवाळीच्या तोंडावर नगरपालिकेच्या सफाई कामगाराला जी रक्कम मिळते, तिला कागदावर काय नाव असते? 'सानुग्रह अनुदान'. कारखान्याच्या कामगाराला मिळतो तो 'बोनस'. दोन्हींचे पेढे सारखेच गोड लागतात. पण १९६५ च्या कायद्याने बोनस हा हक्क ठरला, तो नाकारला तर मालकाला कोर्टात खेचता आले. सानुग्रह म्हणजे अनुग्रहासहित, कृपेने दिलेले. एका वर्षी साहेबांची कृपा झाली नाही, तर दाद कोठे मागायची? म्हणून युनियनचा जुना माणूस नव्या पोराला पहिला धडा देतो तो हा: रक्कम दोन रुपये कमी घे, पण करारात शब्द नीट लिहून घे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या पदरात १९७८ साली रक्कम बरीचशी राहिली, शब्द गेला. आणि शब्द गेला की रक्कम जायला किती वेळ लागतो? त्यांच्या बाबतीत पंचेचाळीस वर्षे लागली.

मधल्या काळात २००३ साली मिशिगनच्या लॉ कॉलेजच्या खटल्यात न्यायालयाने विविधतेचे कारण पुन्हा मान्य केले, पण न्यायमूर्ती ओकॉनर यांनी लिहून ठेवले की आणखी पंचवीस वर्षांनी याची गरज उरणार नाही, अशी आमची अपेक्षा आहे. नंतर २०१४ मध्ये हार्वर्डवर आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठावर खटले भरले गेले. ते भरणाऱ्या संघटनेचे प्रवर्तक एडवर्ड ब्लम हे गोरे गृहस्थ. पण हार्वर्डविरुद्धच्या फिर्यादीत पुढे केलेली तक्रार होती आशियाई वंशाच्या मुलांची, म्हणजे चिनी, कोरियन आणि आपल्याही मुलांची.

ती तक्रार खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. हार्वर्डमध्ये प्रत्येक अर्जदाराला अभ्यासाचे गुण मिळतात, खेळाचे मिळतात, तसे 'व्यक्तिमत्त्वा'चेही मिळतात. अभ्यासात पुढे असलेली आशियाई मुले या व्यक्तिमत्त्वाच्या रकान्यात सरासरीने मागे पडत होती. जाणूनबुजून भेदभाव झाल्याचे सिद्ध होत नाही, असे खालच्या न्यायालयाने म्हटले. गुणांतली तफावत मात्र कोणी नाकारली नाही. आता आठवा ते १९२६ साल. ज्यू मुलांना अडवायला आणलेला व्यक्तिमत्त्वाचा रकाना शंभर वर्षे टिकून होता, आणि आता त्यात आपली मुले अडकत होती. मुलगा लाजाळू आहे, एकसुरी आहे, पुस्तकी आहे, हे कोणी ठरवायचे? या बाबतीत त्या निवृत्त गृहस्थांचा राग रास्त होता, आणि आम्ही त्यांच्या बाजूने उभे आहोत.

पण त्याच खटल्यात हार्वर्डची कपाटे उघडली गेली आणि आणखी एक गोष्ट बाहेर आली. माजी विद्यार्थ्यांची मुले, भरती केलेले खेळाडू, देणगीदारांसारख्या बड्या लोकांच्या खास यादीतली मुले आणि प्राध्यापकांची मुले असे चार गट धरा. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी शेकडा ४३ हून अधिक या चार गटांतले होते. कृष्णवर्णीय, आशियाई आणि लॅटिन वंशाच्या विद्यार्थ्यांत हेच प्रमाण शेकडा १६ हून कमी. ही आकडेमोड करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी अंदाज बांधला की, त्या गोऱ्या मुलांना हा वशिला नसता तर त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांशांना प्रवेश मिळाला नसता. माजी विद्यार्थ्याच्या मुलाला प्रवेश मिळण्याचे प्रमाण साधारण तिघांत एक. इतरांना शंभरांत सहा. आणि २०२३ च्या जुलैत राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, परीक्षेचे गुण अगदी सारखे असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतला मुलगा अशा अव्वल कॉलेजांत पोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून जास्त असते.

२९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी लिहिले की विविधतेचे फायदे मोजता येत नाहीत, हे धोरण कधी संपणार तेही सांगता येत नाही, म्हणून वंशाचा विचार आता थांबवा. मुलाने आपल्या निबंधात वंशामुळे आयुष्यात काय सोसले ते लिहिले, तर ते वाचायला हरकत नाही. न्यायमूर्ती थॉमस स्वतः कृष्णवर्णीय. तेही या निकालाच्या बाजूने होते. अशा सवलतीने खऱ्या कर्तृत्वावरही लोक शंका घेतात, असे त्यांचे म्हणणे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पण निकाल वाचून संपला तेव्हा आम्ही शोधत होतो ती ओळ आम्हांला सापडली नाही. वंशाचा विचार बंद झाला. बापाचा विचार चालू राहिला.

इथे आम्हांला आमचीच एक लाजिरवाणी गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्यावाचून हार्वर्डला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही.

आम्ही ज्या कारखान्यात काम केले, तिथे आमच्या युनियनने एका करारात मोठ्या अभिमानाने एक कलम मिळवले: निवृत्त होणाऱ्या कायम कामगाराच्या एका मुलाला भरतीत प्राधान्य. त्या दिवशी आम्हांला खांद्यावर घेऊन लोक नाचले. आमचे वडील मुंबईच्या गिरणीत बदली कामगार होते. १९८२ च्या संपानंतर हात हलवीत गावी आले. बापाची नोकरी मुलाला मिळणे म्हणजे काय, हे आमच्यासारख्याला सांगायला नको. पण काही वर्षांनी कारखान्याची झाडलोट करणाऱ्या कंत्राटी कामगाराचा मुलगा कचेरीत आला. आयटीआयचे फिटरचे प्रमाणपत्र, गुण आमच्या पोरांहून चांगले. तो म्हणाला, "दादा, तुमच्या पोरांना बापाचे मार्क मिळतात. मला निदान माझे तरी मिळतील का?" कायम कामगार मुळात भरले होते ते दोन-चार गावांतले, एकमेकांचे सोयरे. झाडूवाल्याचा बाप त्यांत कधी नव्हता, म्हणून मुलगाही कधी येणार नव्हता. आमच्या कलमात जातीचे नावही नव्हते. ड्यूक पॉवरच्या नियमात तरी वर्णाचे नाव कोठे होते?

पुढच्या करारापूर्वी आम्ही सभेत ते कलम बदलण्याचा ठराव मांडला. आमच्याच माणसांनी हात वर करून तो पाडला. आम्ही आणखी भांडलो नाही, कारण युनियन फुटेल अशी भीती वाटली. तो मुलगा पुन्हा कचेरीत आला नाही.

कामगार चळवळीला ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेतल्या कित्येक कारागीर युनियनांनी मुलगा-पुतण्याशिवाय कोणाला आत घेतले नाही, आणि १९६९ साली एका न्यायालयाने अशा युनियनला चपराक दिली, कारण सारे जुने सभासद गोरे म्हणून सारे नवेही गोरेच होत. आपल्या मुंबईच्या गिरण्यांत चांगल्या पगाराचे साचाखाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्यांच्या तोंडचा धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. उत्तर देताना त्या पुढाऱ्यांना जड गेले असेल, हे आम्ही आमच्या अनुभवावरून सांगतो.

निकालानंतर काय झाले? २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एम.आय.टी. या प्रसिद्ध तंत्रसंस्थेत नव्या वर्गातील कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा १३ वरून ५ वर आले; ॲमहर्स्ट कॉलेजात ११ वरून ३ वर; हार्वर्डमध्ये १८ वरून १४ वर. येलसारख्या काही ठिकाणी फारसा फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या बाजूने थोडे चांगलेही घडले. वारशाचा वशिला काही कॉलेजांनी आपणहून सोडला, आणि कॅलिफोर्नियाने २०२४ साली खासगी कॉलेजांतही तो बंद करण्याचा कायदा केला.

आता त्या नातवाचा हिशेब मांडू. २०२३ च्या प्रवेशासाठी हार्वर्डला सुमारे ५७ हजार अर्ज आले आणि दोन हजारांच्या आत मुले घेतली गेली. नकार मिळाला ५५ हजारांना. वर्गातले कृष्णवर्णीय विद्यार्थी तीनशेच्या आतबाहेर. समजा, ते सगळेच्या सगळे बाहेर काढले आणि त्या जागा नाकारलेल्यांना वाटल्या, तर १८० मुलांमागे एक जागा आली. बाकीचे १७९ जण कोणाच्या नावाने बोटे मोडणार? आमच्या धंद्यात हे रोज दिसते. गेटावर दोन जागांची पाटी लागते, दोनशे पोरे जमतात, आणि एकमेकांच्या उरावर बसतात. केबिनमधला साहेब वरून पाहत असतो. "जागा दोनच का?" असे त्याला कोणी विचारत नाही. हार्वर्डच्या तिजोरीत पन्नास अब्ज डॉलरांहून अधिक निधी आहे. दुर्मीळ राहण्यातच त्याची प्रतिष्ठा आहे, म्हणून जागा थोड्या आहेत.

आणि नातू न्यू जर्सीत जन्मला तो कशामुळे? १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद या हिंदी माणसाला तो गोरा नाही म्हणून नागरिकत्वाला अपात्र ठरवले होते. आशियाई माणसाला दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा ज्या वाऱ्यात झाला, तो वारा कृष्णवर्णीयांनी लाठ्या आणि तुरुंग सोसून निर्माण केला होता. त्यांच्या लढ्याशी आपले नाते त्याहून जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. ती शिष्यवृत्ती मिळाली म्हणून त्यांच्या गुणवत्तेला बट्टा लागला, असे या सभागृहात कोणी म्हणेल काय?

कोणी विचारील, आजोबांच्या पापाची भरपाई नातवाने का करावी? प्रश्न खरा आहे, आणि सवलत पुष्कळदा त्या समाजातल्या सुस्थितीतल्या घरांनाच मिळते, हा आक्षेपही खरा आहे. दुसऱ्याचे उत्तर असे की, मग ती गरिबापर्यंत नेऊ. पहिल्याचे उत्तर आम्ही एका प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीने देतो. १८३८ साली जॉर्जटाउन येथील कॉलेज चालवणाऱ्या जेझुइट पाद्र्यांनी २७२ गुलाम लुइझियानात विकले. त्यांत दोन महिन्यांचे मूलही होते. त्या पैशांतून कॉलेजाचे कर्ज फिटले आणि कॉलेज जगले. २०१६ साली त्या विद्यापीठाने जाहीर केले की, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात जो विचार मिळतो, तोच या २७२ माणसांच्या वंशजांना मिळेल. म्हणजे कॉलेज म्हणाले की, आमची इमारत ज्यांनी बांधली त्यांची मुले आमची वारस, तशी आमची इमारत ज्यांच्या विक्रीतून वाचली त्यांची मुलेही आमची वारस. आजोबाचे घर नातू घेतो, तेव्हा घरावरचा बोजाही सातबारावर त्याच्याच नावाने चढतो. त्यात नातवाचा अपमान नाही, तो नुसता व्यवहार आहे. एवढ्या मोठ्या वादात भरपाई हा शब्द भरपाईसारखा वापरलेला आम्हांला इथे दिसला.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे. परीक्षा घ्या, पण ती काय मोजते ते उघड करा. बापाचे गुण मुलाच्या गुणपत्रिकेत घालू नका. हार्वर्डनेही नाही, आणि आमच्या युनियनने तर मुळीच नाही. जागा वाढवा. आणि ज्याचे देणे लागता, त्याला ते देणे म्हणूनच द्या. कृपा म्हणून दिलेले, घेणाऱ्याला मिंधे करते आणि देणाऱ्याला कधीही थांबवता येते.

त्या गृहस्थांना आम्ही हे सारे वाचनालयात सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुमचे ते कलम अजून आहे का करारात?" आम्ही म्हणालो, "आहे." ते म्हणाले, "मग भाषण तिथेही करा."

पुढचा करार येत्या दिवाळीनंतर आहे. ठराव आम्ही पुन्हा मांडणार आहो. या वेळी पडला तरी तिसऱ्यांदा मांडू.